पत्र्याच्या शेडमधला पाय २ गिगाहर्ट्झवर चालवायचा असेल तर

देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांनी विचारलंय: पॅकिंग शेडमध्ये रास्पबेरी पाय ४ हा हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर आहे, ४ जीबीचा. पेट्यांची नोंद, लेबलं, बिलं सगळं त्याच्यावरच होतं. एप्रिलात पेट्यांची गर्दी झाली की तो रखडायला लागतो. १.५ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर २ गिगाहर्ट्झवर चालवता येतो असं त्यांच्या पुतण्याने सांगितलंय. तो जळू न देता हे कसं करायचं?

करता येतं. मी रत्नागिरीत दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि असे बरेच पाय २ वर नेऊन दिलेत. फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या की वेग वाढतो, तेवढं तुमचा पुतण्याही करेल. पण तो वेग टिकेल की नाही हे त्या ओळींवर ठरत नाही. ते ठरतं मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता, तुमच्या शेडमध्ये, तापलेल्या पत्र्याखाली. म्हणून सगळी मापं तिथली आणि तेव्हाची धरायची. डिसेंबरात घरी बसून जमलेला आकडा कामाचा नाही.

आधी एक गोष्ट तपासा: तुमचा पाय आज १.५ वर तरी चालतोय का? माझ्याकडे "स्पीड वाढवून द्या" म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मशीन मुळात आहे त्या वेगावरसुद्धा चालत नसते. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि व्हीसीजेनसीएमडी ही कमांड गेट-थ्रॉटल्ड जोडून चालवा. सगळी अक्षरं लहान, गेट आणि थ्रॉटल्ड यांच्यात अधोरेषा. उत्तर शून्य-एक्स-शून्य आलं तर सगळं ठीक. पण शून्य-एक्सच्या पुढे ५०००० दिसलं तर थांबा. शेवटचा अंक या क्षणाची स्थिती सांगतो आणि उजवीकडून पाचवा अंक मशीन सुरू झाल्यापासून काय काय घडून गेलं ते सांगतो. त्यातल्या ५ ची फोड १ अधिक ४ अशी करायची. १ म्हणजे व्होल्टेज कमी पडलं होतं, ४ म्हणजे त्यामुळे वेग खाली ओढला गेला होता. १ नसताना वेग कापल्याची खूण दिसली तर बहुधा उष्णतेचा प्रश्न असतो. ही तपासणी सकाळी मशीन चालू केल्या केल्या करू नका. दिवसभर बिलं करून झाल्यावर, मशीन बंद करण्याआधी करा.

व्होल्टेज कमी का पडतं ते नीट समजून घ्या, कारण ओव्हरक्लॉक केल्यावर, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगावर चालवल्यावर, हीच दुखणी दुप्पट होतात. पायला मिळणारा दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो तक्रार करतो. पडद्यावर पिवळी वीज चमकते, बोर्डावरचा लाल दिवा विझतो. आता तुम्ही मोबाइलचा चार्जर आणि त्याच्याबरोबर आलेली बारीक वायर लावली आहे असं धरू. अशा स्वस्त वायरीतली तार एवढी बारीक असते की मीटरभर लांबीला तिचा रोध सुमारे ०.२ ओहम भरतो. करंट जातो एका तारेने आणि परततो दुसरीने, म्हणजे झाले ०.४. पायने सव्वा अँपिअर ओढला तर अर्धा व्होल्ट वायरीतच संपला. चार्जरने प्रामाणिकपणे ५.१ दिला तरी बोर्डापाशी ४.६ पोचतो. म्हणजे दोष चार्जरचा नाही, प्रोसेसरचाही नाही, वायरीचा. पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॅप्टर मिळतो. त्याची वायर जाड असते आणि ॲडॅप्टरलाच जोडलेली असते. तो घ्या. वेग वाढवायच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी खरेदी हीच आहे. थेट सॉकेटवर न लावता चांगल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर लावला तर आणखी उत्तम, कारण लाईट डोळा मारून परत येते तेवढ्या वेळात मेमरी कार्डावरची माहिती बिघडते.

दुसरी तपासणी: रखडतंय ते प्रोसेसरमुळे का? काम चालू असताना टर्मिनलमध्ये टॉप ही कमांड चालवून बघा. वरच्या ओळीत डब्ल्यूए या अक्षरांशेजारचा आकडा मोठा असेल तर प्रोसेसर नुसता मेमरी कार्डाची वाट बघत बसलाय. तिथे २ गिगाहर्ट्झ केलेत तर तो फक्त जास्त जोरात वाट बघेल. निळ्या यूएसबी पोर्टला छोटी एसएसडी लावा आणि तिच्यावरूनच मशीन सुरू करा. मला विचाराल तर बिलिंगच्या मशीनला निम्म्याहून जास्त वेळा एवढंच पुरतं. ब्राउझरच्या दहा खिडक्या उघड्या ठेवायची सवय असेल तर तीही मोडा.

या दोन्हीतून पार पडलात, वायर जाड आहे, एसएसडी आहे, प्रोसेसरचे चारही कोअर (काम करणारे चार भाग) शंभर टक्के भरलेत आणि तरी लेबलं अडकतायत, तर मग वेग वाढवण्यात अर्थ आहे. १.५ वरून २ म्हणजे बारा सेकंदांचं काम नऊ सेकंदांत, तेही काम निव्वळ गणिताचं असेल तर. आणखी एक बघून घ्या. नंतर निघालेल्या काही पाय ४ बोर्डांवर नव्या सॉफ्टवेअरबरोबर १.८ आपोआप मिळतो. व्हीसीजेनसीएमडीला मेझर-क्लॉक आर्म जोडून, मशीनवर भार असताना वेग बघा. तुमचा आधीच १.८ दाखवत असेल तर २ ला जाऊन हाती उरतो तो फक्त नववा हिस्सा. त्यासाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

वेग वाढवताना चिपमध्ये काय होतं? चिपमधली प्रत्येक कळ उघडझाप करते आणि दर वेळी थोडी ऊर्जा खाते. वेग वाढला की उघडझाप त्याच प्रमाणात वाढते. हा साधा गुणाकार झाला. पण २ गिगाहर्ट्झला कळा वेळेत उघडझापाव्यात म्हणून व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ०.८५ व्होल्टवरचा गाभा आपण १ व्होल्टवर नेला. वर्गामुळे खर्च १.३८ पट, वेगामुळे १.३३ पट. दोन्ही गुणले की १.८ पटीच्या पुढे. वेग मिळाला तेहेतीस टक्के आणि उष्णता जवळजवळ दुप्पट. शिवाय चिप तापली की नुसती बसूनसुद्धा जास्त करंट गळायला लागते आणि ती गळती पुन्हा उष्णताच होते. म्हणून शेवटची पायरी नेहमी सगळ्यात महाग पडते. माझा सल्ला त्यामुळे असा की बहुतेकांनी १७५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे १.७५ गिगाहर्ट्झवर, थांबावं.

पद्धत सांगतो. आधी कार्डाची किंवा एसएसडीची पूर्ण प्रत काढून बाजूला ठेवा. मग कॉन्फिग डॉट टीएक्सटी ही फाइल उघडा. पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे, त्याआधी थेट बूटमध्ये असायची. तिच्या शेवटी एका ओळीवर ओव्हर-व्होल्टेज बरोबर २, दुसऱ्या ओळीवर आर्म-फ्रीक बरोबर १७५० लिहा. नावांतल्या जोडरेघेच्या जागी अधोरेषा. ओव्हर-व्होल्टेजची एक पायरी म्हणजे ०.०२५ व्होल्ट, तेव्हा २ म्हणजे ०.०५ व्होल्ट. हे आठवडाभर टिकलं आणि तरी २००० हवाच असेल तर ओव्हर-व्होल्टेज ६ करा. त्याच्या पुढे जाऊ नका. ६ च्या वर जायला फोर्स-टर्बो लावावं लागतं, आणि जादा व्होल्टेजबरोबर फोर्स-टर्बो लावला की चिपच्या आत कायमची खूण पडते, जी वॉरंटीच्या वेळी वाचता येते. तसंही फोर्स-टर्बो तुमच्या कामाचा नाही. तो नसला की पाय रिकामा बसलेला असताना ६०० मेगाहर्ट्झवर उतरतो आणि निवतो. पेट्या भरायच्या शेडमध्ये मशीन दिवसातला बराच वेळ रिकामीच असते, हा आपला फायदा आहे. तो घालवू नका.

मशीन सुरूच झाली नाही, पडदा काळा राहिला, तर घाबरू नका. मशीन ज्या कार्डावरून किंवा एसएसडीवरून सुरू होते ते काढून दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, तीच फाइल तिथे दिसते. त्या दोन्ही ओळींच्या सुरुवातीला हॅशची (#) खूण टाका की मशीन जुन्या वेगावर परत येते.

आता चाचणी. इथे लोक घाई करतात. मशीन सुरू झाली, पडदा दिसला, दहा मिनिटं चालली, म्हणजे झालं असं वाटतं. मलाही एकदा तसंच वाटलं होतं आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. मिरकरवाडा बंदराजवळ एका मासळी व्यापाऱ्याकडे वजनाच्या पावत्यांसाठी मी पाय बसवला. डिसेंबर होता. दुकानात २ वर रात्रभर चालवून बघितला, एकदाही अडखळला नाही, आणि नेऊन लावला. एप्रिलात सकाळी सकाळी त्यांच्या दिवाणजींचा फोन: "दादा, कालचा हिशेब कुठाय?" जाऊन बघितलं तर मशीन दुपारपासून दोनदा आपोआप बंद-चालू झालेली आणि तिसऱ्या वेळी नोंदींची फाइल अर्धवट लिहिली गेलेली. आदल्या दिवसाचा सगळा लिलाव दिवाणजींनी आठवून, लोकांना विचारून कागदावर पुन्हा मांडला. काही जणांशी वजनावरून वादही झाले. मी डबी उघडली. पंख्याच्या पात्यांवर ओलसर पांढरी साय धरली होती, बोट लावलं की चिकट लागायची. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पट्ट्यांमधली फट तिने बुजली होती. कार्डाच्या खाचेचे सोनेरी दात कडांना हिरवे पडले होते. मशीन डिसेंबरात पास झाली होती, पण डिसेंबरातच.

तेव्हापासून माझी चाचणी अशी असते. स्ट्रेस-एनजी नावाचा प्रोग्रॅम चारही कोअरवर, व्हेरिफायचा पर्याय लावून, दुपारी दोन ते चार. जागा मशीन जिथे राहणार तीच, डबी तीच, आजूबाजूचं सामान तेच. व्हेरिफाय अशासाठी की त्याने प्रोग्रॅम नुसतं गणित करत नाही, उत्तर बरोबर आलं का तेही पडताळतो. वेगाच्या काठावर चाललेला प्रोसेसर बंद पडण्याआधी चुकायला लागतो, आणि चुकताना काही सांगत नाही. बंद पडलेली मशीन दिसते तरी. पाच डझनाच्या पेटीचं बिल चुकीच्या रकमेने छापलं गेलं तर ते वाशीच्या बाजारात पोचल्यावर कळेल. म्हणून दोन तासांत एकही चूक दिसली की वेग ५० मेगाहर्ट्झने खाली, आणि चाचणी पहिल्यापासून. व्होल्टेज वाढवून चूक झाकायची नाही.

चाचणी चालू असताना दर पाच मिनिटांनी व्हीसीजेनसीएमडीला मेझर-टेंप जोडून तापमान लिहून ठेवा. पाय ४ आपला वेग ८० अंशांना कापायला लागतो आणि ८५ ला जोरात कापतो, त्यामुळे चिप सहसा जळत नाही. ते संरक्षण आहे म्हणून त्याच्यावर टेकून बसू नये. ८० ला पोचलेला २ गिगाहर्ट्झचा पाय खाली-वर होत राहतो आणि मिळवलेला वेग तिथेच घालवतो. मी ७५ ही हद्द धरतो. हिशेब सोपा आहे: चिपचं तापमान म्हणजे भोवतालची हवा अधिक चिपची स्वतःची वाढ. समजा घरी २६ अंशांत चिप ६४ ला स्थिरावली, म्हणजे वाढ झाली ३८. हीच मशीन ४० अंशांच्या पत्र्याखाली नेली की ७८. घरी पास, शेडमध्ये नापास. वाढ एकदा मोजली की मे महिन्याचं उत्तर आधीच काढता येतं.

गारव्यासाठी मी आपल्याकडे पंखा लावत नाही. पुण्यात लावीन. देवगडच्या कातळावरच्या शेडमध्ये हवेत तीन गोष्टी असतात: खारा वारा, तांबडी धूळ आणि पेट्यांत घालायच्या भाताच्या पेंढ्याचा भुसा. पंखा या तिन्ही गोष्टी गोळा करून नेमक्या बोर्डावर आणून टाकतो. त्याऐवजी जाड ॲल्युमिनियमची डबी घ्या. ती सगळीच्या सगळी हीटसिंक असते, चिप आणि डबीच्या मध्ये थर्मल पॅड, म्हणजे उष्णता वाहून नेणारी मऊ चकती, दाबून बसतो. पॅडवरचे दोन्ही पातळ कागद सोलायला विसरू नका. मी उघडलेल्या कितीतरी डब्यांत एक कागद तसाच असतो. डबी आडवी न ठेवता उभी लावा, म्हणजे पट्ट्यांमधून तापलेली हवा वर निघून जाते. पत्र्यापासून जेवढी खाली आणता येईल तेवढी आणा. चिऱ्याची भिंत असेल तर तिच्या सावलीच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर. तापलेली हवा पत्र्याखाली साचते, त्यामुळे नुसती जागा बदलूनही चांगला फरक पडतो. धातूच्या डबीत वायफाय मंदावतं, तेव्हा नेटला वायर वापरा.

आता मिठाचं. याविषयी सविस्तर लिहितो कारण घाटावर लिहिलेल्या माहितीत हे येत नाही आणि आपल्याकडच्या मशीन जास्त करून यानेच जातात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते आपण सगळे बघतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्याकडे मिरगापासून पुढे महिनोन्‌महिने हवा त्याच्या वरच असते. बोर्डावर बसलेला मिठाचा कण उन्हाळ्यात नुसती धूळ असतो, जूनमध्ये तोच खाऱ्या पाण्याचा थेंब होतो. चिपच्या दोन धातूच्या पिनांमध्ये असा थेंब आला की करंट वाट काढतो आणि तांबं गंजायला लागतं. ओव्हरक्लॉक केलेली मशीन व्होल्टेजच्या काठावर चालत असते, तिला एवढीशी गळतीसुद्धा पुरते.

उपाय दोन. पहिला, बोर्डाला ॲक्रिलिकचं कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल लागू न देणारा पातळ थर. स्प्रेमध्ये मिळतं. आधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवा, दिवसभर वाळू द्या, मग यूएसबी, नेट, कार्डाची खाच, पिनांची रांग यांवर चिकटपट्टी लावून दोन पातळ हात मारा. चिपच्या धातूच्या टोपीवर मारू नका, तिथे पॅड बसायचा आहे. धुतल्याशिवाय कोटिंग मारलं तर मीठ आतच कोंडलं जातं आणि ते कोटिंग नसण्यापेक्षा वाईट. दुसरा उपाय फुकटचा आहे: पावसाळ्यात मशीन चालू ठेवणं. रिकामी बसलेली मशीनसुद्धा हवेपेक्षा गरम असते, आणि गरम पृष्ठभागाशेजारची हवा तेवढी दमट राहत नाही. गणपतीनंतर माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या मशीनपैकी बहुतेक चार महिने बंद पडून असलेल्या असतात.

बर्फ, पेल्टियर (विजेवर एका बाजूने थंड होणारी चकती) किंवा एसीच्या झोताने थंड करायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. ३० अंश आणि ८५ टक्के दमटपणा असताना २७ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव जमतं. चिप गरम आहे हेच तिचं संरक्षण. एसीच्या खोलीतून आणलेली मशीनही लगेच चालू करू नका. चष्म्यावर धुकं येतं तेच बोर्डावर येतं. अर्धा-एक तास तशीच राहू द्या.

घरी मुलीचा लॅपटॉपही मंद आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यात सेलेरॉन एन मालिकेचा प्रोसेसर असेल तर त्याचा गुणक (वेग ठरवणारा आकडा) कारखान्यातच बंदिस्त केलेला असतो, ओव्हरक्लॉक होणार नाही. तिथे आतली धूळ काढून प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावा, जागा असेल तर रॅम वाढवा, जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घाला.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. या आठवड्यात ॲडॅप्टर आणि एसएसडी, आणि तेवढ्यावर दोन दिवस काम करून बघणं. कमी पडलं तर डबी, कोटिंग आणि १७५०. एप्रिलच्या मध्यावर भर दुपारी दोन तासांची चाचणी. वाढ मोजून मे महिन्याचा आकडा ७५ च्या आत बसला तरच २०००. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की ॲडॅप्टर आणि नेटची वायर दोन्ही उपसा, नेटची वायर विशेष करून. आणि हंगाम संपून शेडला कुलूप लावाल तेव्हा पाय तिथे ठेवू नका. घरी नेऊन जुन्या वेगावर आणा आणि चालू ठेवा. ते शक्य नसेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तव्यावर गरम करून वाळवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि गणपतीला एकदा डबा उघडून पुड्या पुन्हा वाळवा.